साडेबावीसचं प्रेशर

गेल्या जूनमध्ये माझे दोन्ही डोळे गेले. गुरुवारी दुपारी गेले आणि पुढच्या बुधवारी संध्याकाळी परत आले.

मी डॉक्टर आहे, भूलतज्ज्ञ. आयर्लंडमध्ये नास नावाच्या गावी राहतो आणि जवळच्या एका इस्पितळात लोकांना झोपवतो. हा विषय मी निवडला कारण यात पेशंटशी फार बोलावं लागत नाही. ‘दहापासून उलटे आकडे मोजा’ म्हणायचं. सातच्या आसपास संभाषण आपोआप संपतं. माझ्यासारख्या घुम्या माणसाला याहून सोयीचा धंदा नाही.

अडचण होती ती चहाच्या सुट्टीची. तिथे सगळे शुद्धीवर असतात!

एप्रिल ते जुलै म्हणजे आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये टेनिसचे महिने. तिथला तंत्रज्ञ कॉलम रोज विचारायचा, “डॉक, आज कोण जिंकणार?” मी रोज हसून चहा ढवळायचो. एके दिवशी चुकून तोंडातून गेलं, “ज्याच्या मांड्या जाड आहेत तो.” सगळे हसले. एक नर्स तर बिस्किटासकट ठसकली. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी पहिल्यांदा विनोदी ठरलो होतो आणि त्या हशानं मी बिघडलो. (लोक दारूनं बिघडतात. मी बिस्किटानं.)

कॉलमनं मला रीतसर शिष्य करून घेतलं.

“नुसतं कोण जिंकणार यावर लावणं म्हणजे बालवाडी,” तो म्हणाला. “त्याच्यापुढे सेट बेटिंग. दोन-शून्यनं जिंकणार की दोन-एकनं, तेही नेमकं सांगायचं. आणि त्याच्यापुढे हँडिकॅप.”

“कुणाला लागलंय का?”

“कुणाला लागलेलं नाही, डॉक! तगडा गडी असेल तर त्याला उणे साडेचार. म्हणजे सामना संपला की त्याच्या एकूण गेममधून साडेचार वजा करायचे. तरीही तो पुढे असला तर तू जिंकलास. दुबळ्यावर लावलंस तर त्याला अधिक साडेतीन. तो सामना हरला तरी तू जिंकू शकतोस!”

“पण अर्धा गेम खेळतं कोण?”

“कुणीच नाही. बरोबरी होऊन भांडणं नकोत, म्हणून तो अर्धा.”

मग त्यानं ‘ओव्हर-अंडर’ सांगितलं. दोघांचे मिळून एकूण गेम साडेबावीसच्या वर जाणार की खाली राहणार, एवढंच. कोण जिंकतंय याच्याशी देणंघेणं नाही. ही पैज मला फारच आवडली. कुणाचीच बाजू घ्यावी लागत नाही! माझा अख्खा संसार मी याच धोरणावर चालवलाय.

आता कबुलीचा कठीण भाग. सतरा वर्षांपूर्वी साताऱ्याला वृषालीला बघायला गेलो, तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे मामांनी, मला ना पगार विचारला, ना पत्रिका मागितली. एकच विचारलं, “पत्ते? मटका? लॉटरी?” कारण मामांच्या धाकट्या भावानं मटक्यात आधी स्वतःची अंगठी घालवली, मग बायकोची, मग घरी आलेल्या पाहुण्याची. मी छाती पुढे काढून म्हणालो होतो, “मामा, मी साधा लुडोसुद्धा खेळत नाही.” लग्न त्या वाक्यावर ठरलं.

आणि त्याच मामांचा जावई नासच्या मेन स्ट्रीटवरच्या पैजेच्या दुकानात कॉलर वर करून शिरत होता! पैज दोन युरोंची. चेहरा मात्र बँक लुटायला आल्यासारखा.

डोळे जाण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे बुधवारी, मी तीन पैजा एका चिठ्ठीवर लिहिल्या. पहिल्या सामन्यातल्या खेळाडूचं नाव आर अक्षरावरून, दुसऱ्यातल्याचं एलवरून. माझं अक्षर डॉक्टरी. त्यात आर, एल आणि आकडे एवढंच माणसाला वाचता येतं. तेव्हा चिठ्ठीवर दिसत होतं ते असं: आर उणे साडेचार. एल अधिक साडेतीन. आणि खाली, बायकांच्या सामन्यासाठी, ओव्हरचा नुसता ओ आणि साडेबावीस. वर छापलेलं दुकानाचं नाव मी हुशारीनं फाडून टाकलं आणि चिठ्ठी पँटच्या खिशात ठेवली.

मामा तेव्हा आमच्याकडे आले होते. (मामी गुडघ्यांमुळे घरीच राहिल्या.) मामांनी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून जन्म काढला, त्यामुळे रिकामं बसणं त्यांना जमत नाही. गुरुवारी धुतलेले आणि धुवायचे कपडे एकाच ढिगात बघून त्यांनी नातीला विचारलं, “ईरा, ह्ये कुठं ठिऊ?”

ईरा चौदा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र आयरिश इंग्रजीत येतं. “हॉट प्रेस, आजोबा.”

आयर्लंडमध्ये प्रेस म्हणजे कपाट आणि हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीजवळचं कपडे उबदार ठेवायचं कपाट. मामांच्या साताऱ्यात प्रेस म्हणजे इस्त्री. गरम इस्त्री! मामांनी इस्त्री शोधली, तापवली आणि शिस्तीचा माणूस, म्हणून आधी प्रत्येक खिसा चाचपला.

मी घरात शिरलो तर बैठकीच्या खोलीत सुतक. वृषाली सोफ्यावर, डोळे लाल. मामा उभे, डाव्या हातात माझी चिठ्ठी. सतरा वर्षं, लुडो, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

मामांनी उजवा हात वर केला आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, “जावईबापू, किती?”

माझी नजर चिठ्ठीवर खिळलेली. पैजा किती, असंच विचारणार ना माणूस? मी म्हणालो, “तीन.”

मामांनी दोन बोटं धरली होती.

वृषालीनं हंबरडाच फोडला. “बाबा! खरंच गेलंय हो सगळं!”

“कवापासनं?” मामा.

“दोन महिने झाले,” मी.

“आणि मला सांगितलं नाहीस?” वृषाली.

“तुला त्रास होईल म्हणून.”

“हॉस्पिटलमध्ये माहितीये?”

“तिथंच तर सुरू झालं. कॉलमनंच दाखवलं मला.”

“बघा! टेक्निशियनच्यासुद्धा लक्षात आलं, आणि मी बायको असून...” ती पुन्हा रडू लागली. “आता कमी होणार की वाढतच जाणार?”

“मी बंद करीन,” मी म्हणालो. “आजपासून.”

“आवं, त्ये काय नळ हाय का?” मामांनी चिठ्ठी माझ्या नाकाला लावली. “उजवा वजा साडेचार, डावा अधिक साडेतीन. असला तिरपागडा नंबर मी जन्मात बगितला न्हाई! आनि डोळ्याचं प्रेशर साडेबावीस! माझा काचबिंदूचा डॉक्टर म्हंतो, एकवीसच्या वर गेलं की समजायचं गाडी घाटात. खाली ओ बी लिवलाय. ओ म्हंजी ऑपरेशन, व्हय ना?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आर म्हणजे राइट! एल म्हणजे लेफ्ट!

खरं सांगायची ती वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. एका पारड्यात जुगारी जावई, दुसऱ्यात आंधळा जावई, आणि आंधळ्याला घरात केवढा मान! मी मान खाली घातली आणि म्हणालो, “होय.” (लोकांना भूल देण्यात हयात गेली. घरच्यांना देताना सुईसुद्धा लागली नाही.)

वृषालीनं गाडीची किल्ली काढून घेतली. ईरानं घरभर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या. फ्रिजवर ‘फ्रिज’, दारावर ‘दार’, आणि आमच्या मांजरावर चिकटेना म्हणून त्याच्या पट्ट्याला घंटा. गाजराचा हलवा, गाजराची कोशिंबीर, गाजराचं सूप. चौथ्या दिवशी मला अंधारातसुद्धा दिसायला लागलं असेल, पण सांगणार कुणाला?

मामांना आयर्लंड दाखवायला मी आठवड्याची रजा काढली होती. आता मामा मला आयर्लंड दाखवू लागले. समुद्राकाठच्या कड्यावर दंड धरून उभं केलं आणि म्हणाले, “म्होरं दर्या हाय. लई मोठा. निळा न्हाई, राखाडी. डाव्या अंगाला मेंढरं. सतरा.” मला अठरावं स्वच्छ दिसत होतं. झुडपामागं होतं. दिवसभर ते मनाला खात राहिलं.

मंगळवारी मामा मला कोपराला धरून मेन स्ट्रीटवरून नेत होते, तर पैजेच्या दुकानाच्या दारातून कॉलम ओरडला, “डॉक! युअर मॅन इज टू सेट्स अप!”

आयर्लंडमध्ये ‘युअर मॅन’ म्हणजे नुसतं ‘तो अमका’. पण मामांना एवढं इंग्रजी बरोबर कळतं. “तुमचा मानूस? कोन हो?”

“डोळ्यांच्या दवाखान्यातला.”

“आनि टू सेट?”

“चष्म्याचे. एक घरी, एक कामावर.”

“लई प्रेमळ लोक,” मामा म्हणाले आणि रस्ता ओलांडून कॉलमचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, “थँक्यू. गॉड ब्लेस. ही इज ब्लाइंड.” कॉलमनं आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि विचार करून म्हणाला, “वेल, इट वुड एक्सप्लेन द बेट्स.” सुदैवानं तेव्हाच एक ट्रक गेला.

बुधवारी संध्याकाळी वृषालीनं बाँब टाकला. “उद्या सकाळी नेत्रतज्ज्ञाची वेळ मिळवलीय, हातापाया पडून. आणि तिथून थेट तुझ्या विभागप्रमुखांना फोन करणार.”

“कशाला?”

“कशाला? तू माणसांना भूल देतोस! डोस दिसला नाही तर? नोकरी गेली तर गेली, आपण कोरडी भाकरी खाऊ. कुणाचा जीव तरी जाणार नाही.”

एवढ्यात मामा उठले, समोरची खुर्ची ओढून माझ्यापुढे बसले. “जावईबापू, माझं ऐका. माझा डावा काचबिंदूनं गेलाय. पर उजवा झ्याक हाय. त्यो तुमी घ्या. मला काय, आता बगायचं ते बगून झालंय. तुमचं काम हातावरचं आनि डोळ्यावरचं.”

ते थट्टा करत नव्हते. चष्मा काढून, कुठला डोळा ते बोटानं दाखवत होते.

मी कोसळलो. आतून, बाहेरून, सगळीकडून. “मामा, मला सगळं दिसतं! त्या चिठ्ठीवर माझा नंबर नाही, टेनिसच्या पैजा आहेत! मी जुगार खेळलो, मामा! दोन महिने!”

मग वृषालीनं माझ्या केसांवरून हात फिरवला. “बघितलंत बाबा? तुम्ही डोळा देऊ नये म्हणून काय काय रचतोय.”

“देवमानूस हाय,” मामांनी डोळे पुसले.

“अगं, खरंच!” मी किंचाळलो. “ईरा, टीव्ही लाव! टेनिस लाव!”

सामना सुरूच होता. मी पुढे उभा राहून जन्मात बोललो नव्हतो एवढं बोललो. वजा साडेचार कसं, अधिक साडेतीन कसं, साडेबावीस कशाचे, सामना चालू असतानाही मध्येच कशी लावता येते. तीन पैजा एकात गुंफल्या तर त्याला अक्युम्युलेटर म्हणतात, पैसे जास्त मिळतात, पण एक चुकली की सगळ्या बुडाल्या.

मामांच्या कपाळाच्या आठ्या हळूहळू सुटू लागल्या. “म्हंजी सातारा-कऱ्हाड, कऱ्हाड-सांगली, सांगली-मिरज. येक गाडी चुकली की स्टँडवर मुक्काम!”

“अगदी तेच, मामा!”

“आनि हँडिकॅप म्हंजी चांगल्या डायवरला मुद्दाम साडेचार मिन्टं उशिरा सोडायचा.”

“बाबा!” वृषाली ताडकन उठली. तिला आता कळलं होतं, आणि तिचा चेहरा बघून मला पुन्हा आंधळं व्हावंसं वाटलं. “म्हणजे सहा दिवस मी रडतेय, गाजरं किसतेय, आणि तू...”

“डॅड,” ईरा थंडपणे म्हणाली, “यू लेट मी पुट अ बेल ऑन द कॅट.”

मामांनी हात वर करून दोघींना थांबवलं. आवाज खाली आला. भावाच्या वेळेला असाच आला असणार. “जावईबापू, खरं सांगा. दोन महिन्यांत लागल्या किती?”

“एकही नाही.”

“येक बी न्हाई?”

“एक लागत आली होती. पण माझा खेळाडू मध्येच पाय धरून बसला आणि रिटायर झाला. तसं झालं की पैज रद्द. दोन युरो परत मिळाले.” मी घसा खाकरला. “तीच माझी सर्वोत्तम कामगिरी.”

मामांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मला वाटलं रडतायत. पण ते हसत होते. खुर्चीला धरून, ठसका लागेपर्यंत, चांगल्या डोळ्यातून आणि गेलेल्या डोळ्यातूनही पाणी येईपर्यंत. “सुटलो!” ते म्हणाले. “वृषाली, पोरी, घाबरू नगंस. माझा भाऊ नादाला लागला कारन त्यो अदनंमदनं जिंकायचा. व्यसन लागाया बी थोडं यश लागतं. ह्येंच्याकडनं काय बी हुनार न्हाई!”

वृषालीला हसायचं नव्हतं. तिनं ओठ घट्ट दाबले, पण नाकातून निसटलंच. मात्र नेत्रतज्ज्ञाची वेळ तिनं रद्द केली नाही. शिक्षा म्हणून मला नेलंच. त्या बाईंनी पाऊण तास तपासलं आणि कागदावर लिहून दिलं, ‘दूरची दृष्टी उत्कृष्ट.’

वृषालीनं तो कागद फ्रेम करून बैठकीत लावलाय. तो दाखवताना ती आणि ईरा हसत सुटतात आणि पाहुणे विचारतात, यात एवढं हसण्यासारखं काय आहे? तेव्हा मी चहा बघून येतो म्हणून उठतो.