इंचाची शिवण

गल्ली तिला इंचबाई म्हणायची आणि तिला ते आवडायचं. नवरा गेल्यावर तिने पुढच्या खोलीत एक मशीन आणि एक लांब टेबल मांडलं, आणि त्या टेबलावर लोकांचे कपडे कापत मुलगा वाढवला. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड. तिच्या मापांना नावं होती. टेप सापडला नाही तर अंगठ्याचं पेर होतं. ते बरोबर इंच भरायचं.

मग सून आली. शिवणकामाचा कोर्स केलेली. सोबत सेंटिमीटरचा टेप.

"आई, सव्वापाच अधिक पाऊण, मग त्याचं निम्मं... डोकं उठतं हो. सेंटिमीटरमध्ये कसा सरळ आकडा."

"सरळ आकडा तुला लखलाभ. कंबर चौतीस म्हटलं की बाई खुश. शहाऐंशी म्हणून बघ, पुन्हा पायरी चढायची नाही."

"कंबर तेवढीच राहते ना पण?"

"कंबर राहते. बाई जाते."

मुलगा ताटावरून मान न उचलता म्हणाला, "टेपला दोन बाजू असतात. एकेक वाटून घ्या आणि मला जेवू द्या."

हे हसण्यावारी चाललं तोवर ठीक होतं. पण हळूहळू टेबल सुनेचं झालं, कात्री सुनेची झाली. सून कापणार, सासू शिवणार. सून शिवणीसाठी कडेला एक सेंटिमीटर कापड सोडायची. म्हातारीच्या हाताला इंच सोडायची सवय. दोनदा तिने सवयीने इंचभर आत शिवलं आणि कपडे घट्ट झाले. दुसऱ्या वेळी दुकानात बायका उभ्या होत्या. सुनेने त्यांच्यासमोर कपडा उलटा केला आणि ब्लेडने शिवण उसवत म्हणाली, "आईंचं आता सगळं अंदाजपंचे. हात ऐकत नाही त्यांचा."

बायका हसल्या. त्यातल्या दोघींचे लग्नातले कपडे म्हातारीने कापले होते.

तिने राग दाताखाली धरला, टाचण्या धराव्यात तसा. टाचण्या तोंडात असल्या की बोलता येत नाही, पण त्या कुठे आहेत हे क्षणभरही विसरता येत नाही.

संधी आपल्या पायांनी चालत आली. सुनेचे वडील नोकरीतून निवृत्त होणार होते. निरोप समारंभासाठी त्यांना कोट हवा होता. कापड त्यांनी स्वतः आणलं, राखाडी, लोकरीचं, मोजून एका कोटापुरतं. बायकोने जाण्याआधी घेऊन ठेवलेलं. माप देताना ते हे दोनदा बोलले. म्हातारीने दोन्ही वेळा ऐकलं.

सुनेने कोट कापला. श्वास रोखून कापला. तुकडे म्हातारीसमोर ठेवून म्हणाली, "आई, एक सेंटिमीटर हं. बाबांचा आहे."

"ऐकलं."

दुपारी सून बाजारात गेली. म्हातारीने पाठीची मधली शिवण घेतली, मग दोन्ही बाजूंच्या. कडेपासून अंगठ्याचं पेर लावत गेली. तिन्ही शिवणी इंचाच्या झाल्या. इथे थांबता आलं असतं. कापड आत शाबूत होतं. उसवलं की कोट पुन्हा मापाचा. आणि कुणी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं: सवय बाई, हात ऐकत नाही.

पण उसवता येईल असा सूड तिला नको होता. तिने टेबलावरची कात्री उचलली, किती दिवसांनी, आणि शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड पाव इंच ठेवून कापून टाकलं. मग वर अस्तर चढवलं.

व्याही समारंभाच्या सकाळी आले. कोट खांद्यांवर बसला. पुढे बटण आणि काज यांच्यात चांगला पंजाभर शर्ट दिसत राहिला. त्यांनी पोट आत घेतलं, पुन्हा ओढून पाहिलं आणि ओशाळं हसले.

"मीच सुटलो असेन, विहीणबाई. घरी बसायच्या आधीच."

"तुमचं नाही चुकलं, बाबा," सून म्हणाली. "माझं चुकलं."

तिने त्यांना जुना कोट घालायला लावला, बाह्या झटकून दिल्या, नवऱ्याबरोबर रवाना केलं. "मी मागून येते," म्हणाली. मग नवा कोट उलटा करून टेबलावर टाकला आणि ब्लेड घेतलं. म्हातारी मशीनवर बसून दोरा ओवत होती. उत्तर ओठांवर होतं.

अस्तर उसवलं गेलं. सून शिवणीवर वाकली. चूक असती तर कापड आत असतं. तिने पाठीची शिवण बोटाने चाचपली, मग एका बाजूची, मग दुसऱ्या. तिन्हीकडे तेच.

"सवय गं, हात..." म्हातारीने सुरुवात केली.

"ऐकतो की, आई. चांगला ऐकतो तुमचा हात."

एवढंच. सुनेने तो कोट तसाच, उलटा, अस्तर लोंबणारा, मशीनसमोरच्या भिंतीवर खिळ्याला अडकवला. नवऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाली, "राहू दे. नमुना आहे." गिऱ्हाइकांनी विचारलं तेव्हाही तेच, गोड आवाजात.

तो अजून तिथेच आहे. म्हातारी सुईवरून मान वर करते तेव्हा समोर तीन शिवणी असतात, दोरीसारख्या सरळ. काढ म्हणावं, तर का ते सांगावं लागेल. ती काढ म्हणत नाही. तिला पश्चात्तापही नाही. फक्त कोट किती घट्ट झाला हे ती कधीकधी मनात मोजते, आणि उत्तर येतं ते नऊ सेंटिमीटर. इंचात मोजायला ती खूप धडपडते.