गीताबाईंची झालर

पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत गीताबाईंच्या घरी उघडी अशी वस्तूच नसायची. टीव्हीला क्रोशाचं कव्हर, मिक्सरला लोकरीची टोपी, गॅसच्या टाकीलासुद्धा झालरीचा परकर. त्यांचे यजमान श्रीरंगराव वाळूजच्या कारखान्यात होते. ते म्हणायचे, "मी एका जागी जास्त वेळ बसत नाय बुवा. ही मलाबी गवसणी शिवंल."

एकुलती एक लेक अश्लेषा आईवरच गेलेली. पतसंस्थेतून आली की पिशवी टाकायची आणि आईशेजारी मणी ओवत बसायची. तिचं लग्न ठरलं तेव्हा दोघींनी ठरवलं, रुखवतातली एकही वस्तू विकत आणायची नाही. मण्यांची तुळस झाली, लोकरीचे राघू झाले. नवरानवरीच्या बाहुल्या करताना अश्लेषानं नवरदेवाला तारेचा चष्मा घातला, कारण ठरलेल्या मुलाला चष्मा होता. त्या दिवशी मायलेकींचं हसू पार आमच्या घरापर्यंत ऐकू येत होतं.

ते सलग दुसरं दुष्काळाचं वर्ष. जायकवाडी तळाला गेलेलं. शहर मात्र चहूबाजूंनी वाढतच होतं. आमच्यामागच्या मोकळ्या रानात एकामागून एक इमारती उठत होत्या. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, म्हणून घरोघरी निळे ड्रम आले. गीताबाईंच्या ड्रमाचं झाकण आणतानाच फुटलं.

"उद्या दुसरं आणतो," श्रीरंगराव म्हणाले.

"कशाला? मी शिवते की."

जुन्या पातळाचं छान आच्छादन शिवलं, कडेला दुहेरी झालर लावली. घडीघडी सोडायचा त्रास नको म्हणून नाडी घातली नाही, तोंड सैलच ठेवलं. गल्लीतल्या बायकांनी कौतुक केलं. मीही केलं.

दसरा झाला आणि अश्लेषाला ताप आला. आधी साधाच वाटला. मग हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा दवाखान्यात हलवलं. डेंग्यू निघाला, पेशी झपाट्यानं उतरत होत्या. पलीकडच्या घरातल्या मुनिराचा झीशान आणि गल्लीतली पोरं रक्त द्यायला धावली. मी भेटायला गेले तेव्हा अश्लेषा आईला सांगत होती, "नवरीची नथ राहिलीय. मी घरी आल्यावर करते. तू नको करू, तू लई मोठी करतीस."

ती घरी आली नाही. दुसऱ्याच दिवशी पहाटे गेली.

सुतकातच आरोग्य खात्याच्या मुली गल्लीत फिरल्या. घरात काय घडलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. एकीनं झालर उचलून ड्रमात बॅटरी मारली आणि म्हणाली, "काकू, अळ्या आहेत." त्यांनी ड्रम रस्त्यावर पालथा केला. एरवी वाटीभर पाण्यासाठी भांडणारी गल्ली ते पाणी वाहताना मुकाट बघत राहिली. गीताबाई आच्छादन हातात धरून उभ्या होत्या.

"हे मी शिवलं," त्या म्हणाल्या.

मुनिरानं त्यांना आत नेलं. "गीता, हर घर में निकले. मेरे हौद में भी निकले. डास कुठून आला, कुणाला ठाऊक?"

"तुझं लेकरू जितं हाय ना?" गीताबाई एवढंच म्हणाल्या. तरी मुनिरा उठून गेली नाही.

तेराव्यानंतर गीताबाईंनी घरातलं एकेक आच्छादन काढलं. सगळं घर उघडं पडलं. सुया, दोरे, लोकर गाठोड्यात बांधून मुनिराकडं दिली. रुखवत नात्यातल्या एका गरीब मुलीला द्यायचं ठरलं. तिच्या घरून निरोप आला, गेलेल्या पोरीच्या हातचं नको. श्रीरंगराव संतापले. गीताबाई म्हणाल्या, "बरोबर हाय त्यांचं. मीबी घेतलं नसतं." रुखवत माळ्यावर गेलं.

त्यांनी परत सुई हातात घेतली नाही. दुपारभर ओट्यावर बसायच्या. मांडीवरची बोटं मात्र आपोआप हलायची, टाके घातल्यासारखी. लक्षात आलं की मुठी आवळून घ्यायच्या.

दोनेक वर्षांनी श्रीरंगराव निवृत्त झाले. एके दिवशी गुलमंडीवरून लोकरीचा गुंडा आणि क्रोशाची सुई घेऊन आले. मी तिथंच बसले होते.

"मला शिकव," ते म्हणाले.

"गंमत करता काय?"

"नाय गं. घर लई गप झालंय. ती आली की तुम्ही बडबडत विणायच्या, मी नुसतं ऐकायचो. आता काय ऐकू?"

गीताबाईंनी सुईला हात लावला नाही. लांबूनच सांगत राहिल्या, दोरा असा घ्या, असा ओढा. यंत्रावर आयुष्य गेलेल्या त्या जाड बोटांना जमेना. साखळी आवळली जायची, टाके सुटायचे. आठवडाभर हे चाललं. शेवटी एका दुपारी त्यांनी नवऱ्याच्या हातातून विणकाम ओढून घेतलं, चुकलेली ओळ उसवली, तीन टाके घालून दाखवले आणि तिथंच थांबल्या. मग पदर तोंडाला लावून रडल्या. अश्लेषा गेल्यापासून त्यांना मोठ्यानं रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

श्रीरंगराव शेजारी बसून राहिले. मग विणकाम परत हातात घेत म्हणाले, "किती टाके सोडायचे, ते परत सांग."

गीताबाईंनी सांगितलं.

आता मागच्या इमारतींमुळं त्यांच्या ओट्यावर ऊन लवकर जातं. ती दोघं तिथं बसतात. श्रीरंगराव वेडंवाकडं विणतात, त्या उसवून देतात. स्वतः होऊन गीताबाईंनी एकही वस्तू केलेली नाही. कुणी आग्रह केला तर म्हणतात, "नको माय. ह्यांचंच पुरं होऊ दे."