सकाळी सरळ, दुपारी वाकडी

तीच गाडी एकाच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा माझ्या रॅम्पवर उभी होती आणि मशीन तिसऱ्यांदा सगळे आकडे हिरवे दाखवत होतं.

"म्हणजे गाडी ठीक आहे?" डॉक्टर गावंडे मॅडमनी विचारलं.

"शंभर टक्के."

"तसं लिहून द्या मग."

मी प्रिंट काढली, शिक्का मारला, सही केली. अमरावतीत बडनेरा रोडवर माझं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. त्याआधी वीस वर्षं एका कार कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काढली. अलाइनमेंट म्हणजे चारही चाकं ठरलेल्या कोनात सरळ आहेत की नाहीत ते तपासायचं आणि नसतील तर आणायचं. चाक तिरकं असलं की गाडी एका बाजूला ओढते. मशीन कॅमेऱ्याने कोन मोजतं, चुकला तर लाल, बरोबर तर हिरवा. या हिरव्या रंगावर माझी फार श्रद्धा होती.

मॅडमनी प्रिंटची घडी पर्समध्ये टाकली. "गाडी ठीक असेल तर माणूस ठीक नाही. एक तारखेपासून मी दुसरा ड्रायव्हर बघते."

त्यांचा ड्रायव्हर उत्तम तायडे पाच फुटांवर उभा होता. त्याने ऐकलं, डोक्याचा दुपट्टा सारखा केला आणि मॅडमसाठी गाडीचं दार उघडून धरलं.

उत्तमभाऊ छप्पन वर्षांचे. मॅडमकडे चौदा वर्षं. मॅडमचं एक क्लिनिक अकोल्यालाही आहे, आठवड्यातून तीनदा जावं लागतं. साडेअकराला निघायचं, साडेचारपर्यंत परत, कारण पाचला इथली ओपीडी. आधी त्यांच्याकडे बुटकी, लांब गाडी होती. दिवाळीत नवीन घेतली, आजकालच्या फॅशनची, उंच. हिवाळा बरा गेला. मार्चमध्ये माझ्याकडे चाकांचं नेहमीचं काम झालं आणि त्यानंतर हायवेवर गाडी अचानक बाजूला सरकायला लागली. एकदा तर ट्रकच्या अगदी जवळ गेली. मॅडम मागे बसलेल्या. त्या दिवसापासून त्यांना भीतीच बसली.

मॅडमच्या मिस्टरांनी रविवारी सकाळी गाडी लांबवर नेऊन पाहिली. सरळ. मी तिन्ही वेळा सकाळी आठला ट्रायल घेतली. सरळ. मग दोष द्यायला उरलं कोण?

दुसऱ्या दिवशी उत्तमभाऊ एकटेच स्कूटीवर आले.

"भाऊ, एक इचारतो. खरं सांगजा. गाडीत कायीच नाई ना?"

"काहीच नाही."

"मंग माह्याच हातात हाय." त्यांनी दोन्ही हात माझ्या टेबलावर ठेवले. "तीस वर्षं झाले चालवून राह्यलो. कोनाले खरोच नाई आली. आता गाडी सरकली का मले वाट्टे, मीच झोपलो का काय. डोळे तपासून आलो. डोळे चांगले निंघाले. मॅडमले काढाची गरज नाई, मीच सोडतो. तुमी फक्त सांगा, माहे हात गेले का?"

ते हात माझ्या हातांपेक्षा स्थिर होते. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "कोणत्या बाजूले ओढते?"

"अकोल्याले जातानी डावीकडे. येतानी उजवीकडे."

"दोन्हीकडे कशी ओढन?"

"तेच तं सांगतलं होतं तुमच्या मानसाले."

मी जुनी जॉब कार्डं काढली. गाडी आली की आमचा माणूस तक्रार लिहून घेतो तो कागद. त्यावर 'कुठे ओढते' असा रकाना आहे. पहिल्या कार्डावर 'डावी'वर खूण होती, दुसऱ्यावर 'उजवी'वर. हे मी दुसऱ्या खेपेलाच पाहिलं होतं. पाहून मनात म्हटलं होतं, या माणसाला डावं-उजवं कळत नाही. तिसऱ्या वेळी तर रकाना कोराच सोडला होता.

आता विचार करा. चाक तिरकं असेल तर तोंड मुंबईकडे असो की नागपूरकडे, ते गाडीला एकाच बाजूला ओढणार. तोंड फिरवल्यावर ओढही फिरत असेल तर कारण गाडीच्या बाहेर आहे. अकोला आमच्या पश्चिमेला. उन्हाळ्यात दुपारी वारा वायव्येकडून येतो. जाताना तो उजव्या अंगावर बसतो आणि गाडी डावीकडे ढकलतो. येताना उलटं.

"आणि सकाळी?" मी विचारलं.

"सकाळी तं पानबी नाई हालत."

मी ट्रायल सकाळी घेतो, कारण नंतर दुकानात गर्दी होते. मॅडमच्या मिस्टरांनाही रविवारची सकाळच मोकळी. उत्तमभाऊ मात्र भर दुपारी चालवत होते. आम्ही दोघांनी जी गाडी तपासली, ती त्यांना कधी मिळालीच नव्हती.

उंच गाडीचं असं असतं की तिची बाजू भिंतीसारखी उभी असते, त्यामुळे वाऱ्याला ढकलायला जागा मोठी मिळते. शिवाय वाऱ्याचा जोर गाडीच्या मधोमध न बसता थोडा पुढच्या भागावर बसतो, म्हणून नुसती सरकत नाही, तोंडही वळवते. ट्रकच्या मागे असताना आडोशाला वारा बंद होतो, आणि ओव्हरटेक करायला बाहेर निघालं की एकदम थप्पड बसते. वेग शंभरच्या वर असेल तर स्टीअरिंग सावरेपर्यंत गाडी बाजूच्या पट्ट्यात शिरलेली असते.

इथवर ठीक होतं. पण याच मॉडेलच्या गाड्या शहरात ढिगाने आहेत. काही रोज अकोल्याला जातात. त्यांचे मालक थोडं कुरकुरतात, पण कोणी ड्रायव्हर बदलत नाही. हिलाच एवढं काय झालं?

मी उत्तमभाऊंना सांगितलं, उद्या मॅडमला विचारून सकाळी गाडी आणा, मधे कुठे फिरवू नका. टायर थंड असतानाच हवा मोजायची असते, तापला की आकडा फुगतो. मॅडमचं घर दोन गल्ल्या सोडून. गाडी आली, मी हवा मोजायचा गेज लावला. अठ्ठावीस. दारावरच्या कंपनीच्या स्टिकरवर होते तेहतीस. चारही टायर सारखे, म्हणजे हवा गळली नव्हती. कोणीतरी मोजून तेवढीच भरली होती.

"रशीदभाई, या गाडीत हवा कोणी भरली?"

रशीदभाई माझ्याबरोबर वर्कशॉपपासून आहेत, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. "मीच भरली. अलाइनमेंटच्या आधी दरवेळी भरतोच ना."

"किती?"

"बोर्डावर हाय तेवढी, भाऊ." त्यांनी हनुवटीने माझ्या डोक्याच्या वर दाखवलं.

बोर्ड मीच रंगवून घेतला होता. लाल अक्षरात: 'उन्हाळा सुरू! टायर फुटू नये म्हणून हवा पाच पॉइंट कमी ठेवा.' वऱ्हाडात उन्हाळा आला की सगळेच हवा कमी करतात, ट्रकवालेही आणि ऑटोवालेही. मीही तेच शिकलो आणि तपासून न पाहता भिंतीवर लावलं. खरं म्हणजे कंपनी आकडा देते तो टायर तापणार हे धरूनच देते. हवा कमी केली तर टायर जास्त दबतो आणि उलट जास्त तापतो. वर त्याची बाजू मऊ पडते. गादीवर उभ्या माणसाला कोणी खांद्याने ढकललं तर तो जसा डोलतो, तशी ती उंच गाडी डोलत होती. दरवेळी आम्हीच ती मऊ करून दिली आणि मी खाली शिक्का मारला.

मला फार लाज वाटली. गुपचूप पाच पॉइंट भरून देता आले असते. कोणाला कळलं नसतं. पण माझी सही मॅडमच्या पर्समध्ये होती आणि एक तारखेला सहा दिवस उरले होते. हवेला हात लावू नका असं रशीदभाईंना सांगून मी मॅडमना फोन केला. "आज मीही येतो. मूर्तिजापूरपर्यंत गाडी तुम्ही चालवायची."

"मी? हायवेवर?"

"बाजारात चालवता ना? तशीच. फक्त वेग उत्तमभाऊंचा ठेवायचा."

साडेअकराला निघालो. मी पुढे, उत्तमभाऊ मागे, मॅडमच्या जागेवर. तिथे त्यांना बसता येईना, सीटच्या कडेवरच टेकले होते. बडनेरा मागे पडलं, झाडं संपली आणि पुलाच्या भरावावर पहिला धक्का बसला. मॅडमनी स्टीअरिंग घट्ट धरलं. पुढे एका कंटेनरच्या आडून निघताना गाडी डावीकडे अशी गेली की मीच डॅशबोर्ड पकडला. वेग एकशे पाच होता.

"हे असं रोज?" मॅडमनी आरशात पाहून विचारलं.

"वारा असला का, मॅडम."

"सांगितलं का नाही?"

"सांगतलं होतं."

मूर्तिजापूरच्या अलीकडे पेट्रोल पंपावर थांबलो. टायर तापलेले होते, म्हणून जे होते त्यावर पाच-पाच पॉइंट वाढवले. मॅडम परत हायवेवर आल्या, मी ऐंशीवर राहायला सांगितलं. धक्का बसत होता, पण आता गाडी हातातून जात नव्हती. त्यांनी दोन ट्रक ओव्हरटेक केले. तिसऱ्यानंतर गाडी बाजूला घेऊन थांबवली.

"हवा कमी कोणी केली होती?"

त्यांची नजर आरशात मागे गेली. टायर सांभाळणं ड्रायव्हरचं काम, असं कोणीही समजेल. उत्तमभाऊ खाली पाहत होते. मला वाटतं, त्या क्षणी तेही स्वतःला विचारत होते की आपणच तर नाही केली.

"मी," मी म्हणालो. "माझ्या दुकानात, दरवेळी. यांचा काही संबंध नाही. तो कागद मला परत द्या."

मॅडमनी पर्स उघडली. प्रिंट काढून माझ्या हातात दिली, खाली उतरल्या आणि मागचं दार उघडलं.

"उत्तमभाऊ, घ्या गाडी. ऐंशीच्या वर नेऊ नका. ओपीडी साडेपाचला सुरू करू."

उत्तमभाऊ पुढे येऊन बसले. दुपट्ट्याने आधी डोळे पुसले, मग आरसा आपल्या उंचीला लावला. अकोल्यापर्यंत काटा ऐंशीच्या वर गेला नाही.

बोर्ड मी त्याच संध्याकाळी काढला. जॉब कार्डावर नवीन रकाना आला आहे: 'कोणत्या वेळी होतं?' आणि ट्रायल मी आता गिऱ्हाइकाच्या वेळेला घेतो, मग भर उन्हात का असेना. माणसाला वेड्यात काढण्याआधी त्याच्या वेळेला त्याच्या जागेवर बसून पाहावं, इतकंच मी यातून शिकलो. शिकायला तीन जॉब कार्डं लागली.

उत्तमभाऊ अजून मॅडमकडेच आहेत. दर महिन्याला हवा भरायला माझ्याकडेच येतात. मात्र त्यांनी स्वतःचा गेज घेतला आहे. रशीदभाईंनी हवा भरली की ते खिशातून गेज काढतात आणि माझ्यादेखत चारही टायर पुन्हा मोजतात. मला राग येत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. येतो, पण बोलायला तोंड नाही.