छावणीतला तीस किलोचा भारा

दुष्काळ पडला तेव्हा जबड्याच्या कॅन्सरचं माझं ऑपरेशन होऊन सात वर्षं झाली होती. आजार गेला, पण मानेतल्या गाठी काढताना खांद्याची नस दुखावली. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. डाव्या हातात सहा किलोपेक्षा जास्त वजन घेतलं, तरी कळ मानेतून उजव्या खांद्यात उतरते. हे मी घरी तराजू लावून पाहिलेलं आहे.

त्या दुष्काळात सोसायटीने गावाबाहेर चारा छावणी काढली. माझ्या दोन बैलांना रोज तीस किलो ऊस मिळे. काट्यावरचा भारा मालकाने एका खेपेत उचलायचा, नाहीतर रांगेच्या शेवटी जायचं, असा तिथला नियम. शेवटच्यांना उरलं तरच मिळे. माझे बैल दोन दिवस अर्धपोटी राहिले.

तिसऱ्या दिवशी मी काट्यावरच भाऱ्याची दोरी सोडली आणि सहा किलो उचलले. काट्यापाशी बसलेला सोसायटीचा तरुण संचालक म्हणाला, "काका, ऑपरेशन तोंडाचं झालतं ना? मग खांदा कावून दुखतो?"

रांगेतून एकजण म्हणाला, "दर छावणीला ह्याचा नवा अवयव दुखतो बे."

नस कुठून कुठे जाते, हे मी त्यांना आधी तीनदा सांगितलं होतं. चौथ्यांदा सांगितलं नाही. "पाच खेपा होतील," मी संचालकाला म्हणालो. "घाई असेल तर तू उचल."

तो उठला नाही. काटा रिकामा होईपर्यंत रांग शिव्या देत थांबली. मी पाचही खेपा माझ्या चालीने केल्या.