घोड्यावरून उतरायचं कधी?

हे किस्से मला नीट आठवतात, की सांगून सांगून तसे झालेत, याची खात्री नाही. पण चार पेन्शनरांनी दर रविवारी पटावर लढाया केल्या की किस्से रद्दीसारखे साठतात. त्यातला एक पेन्शनर लवकर कंटाळून योगाच्या क्लासला गेला. उरलो तिघं: कोपरीचे म्हात्रे, बँकेतून रिटायर्ड; डोंबिवलीच्या सुशीलाताई, शाळेतून; आणि मी, संख्याशास्त्रात डॉक्टरेट केलेला. खेळ म्हात्रेंचा. जिंकायचेही तेच! त्यांना एकदा तरी हरवावं, एवढीच माझी इच्छा होती.

आमची सगळी भांडणं ड्रॅगूनवरून. ड्रॅगून म्हणजे घोड्यावरून झपाट्यानं जायचं आणि खाली उतरून बंदुकीनं लढायचं. कशालाही चालणारे शिपाई!

*

म्हात्रे त्यांना घोड्यावरूनच तोफांवर घालायचे. निम्मे जागच्या जागी खलास.

"अहो, उतरवा की!" मी ओरडायचो.

"सर, घोडा दिलाय तो काय उतरायला?"

आणि तरी जिंकायचे! कुठल्याच सिद्धांतात हे बसत नाही.

*

सुशीलाताईंचे ड्रॅगून राजधानीत बसून असायचे. एकदा राजधानीच पडली, तरी ते जागचे हलले नाहीत.

"ताई, वापरले का नाहीत?"

"कशालाही चालतात ना? म्हणून जपून ठेवलेले. पाहुण्यांचे कप आपण रोज काढतो का?"

*

माझं वेगळं. एका पाळीत मी त्यांना उतरवायचो. मग वाटायचं, घाई झाली. पुढच्या पाळीत चढवायचो. मग वाटायचं, उतरलेलेच बरे होते.

म्हात्रे वैतागले. "सर, तुमची माणसं गोळीनं नाही मरणार. चढून-उतरून मरतील!"

*

एकदा डाव आमच्या माजिवड्याच्या घरी होता. पोहे ठेवताना बायकोनं विचारलं, "हे घोडदळ की पायदळ?"

"दोन्ही," मी अभिमानानं म्हणालो.

"म्हणजे धड एकही नाही! तुमच्यासारखंच."

म्हात्रेंना पोह्यांचा ठसका लागला.

*

मग म्हात्रे मुलीकडे बंगळुरूला कायमचे निघाले. शेवटचा रविवार. घरभर खोकी. पट तेवढा बाहेर.

त्या दिवशी मी कधी नव्हे ते ठरवलं. ड्रॅगून दौडत पुलाशी नेले, उतरवले. समोर पुलावर म्हात्रेंचा सेनापती, एकटा! तो पडला की डाव माझा. मी फासे उचलले.

म्हात्रेंनी मनगट धरलं. "थांबा सर. उतरायला एक पाळी जाते. गोळी पुढच्या पाळीत."

"असा नियम आहे?"

"आहे म्हणजे? पहिल्यापासून आहे!"

नियमांचं पुस्तक खोक्यात बांधलेलं. मी ताईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "असेल बाई. मी कुठे बाहेर काढले कधी?" आणि खरंच, इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणीही ड्रॅगून उतरवून एकही गोळी झाडली नव्हती!

मला वाटलं, असेलही. आपलाच काहीतरी घोळ. फासे खाली ठेवले. म्हात्रेंचा सेनापती पूल ओलांडून पसार झाला आणि तीन पाळ्यांत मी साफ झालो.

"मजा आली हां सर," म्हणत त्यांनी पट गुंडाळला.

काही वर्षांनी डोंबिवलीत या खेळाची स्पर्धा होती. मी मुद्दाम गेलो आणि तिथल्या पंचाला गाठलं. त्यानं माझ्याकडे जरा काळजीनंच पाहिलं.

"काका, उतरल्याबरोबर त्याच पाळीत गोळी झाडता येते. ड्रॅगून असतात कशाला मग?"