हार्डडिस्क खराब नव्हती

मंडळी, माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही सिस्टिम. लिनक्स बिघडलं, म्हणून आज जुना दोस्त संत्या ते पुन्हा टाकायला माझ्या जोगेश्वरीच्या दुकानात आला. माझी बॅनरची सगळी डिझाइन्स विंडोजमध्ये.

"बॅकअप घेतलास ना रे?" मी विचारलं.

"घेतला यार, टेन्शन नको घेऊ."

थोड्या वेळाने तो फोनवर बोलत बाहेर गेला. माझे कान तिखट. "अख्खी डिस्क पुसली गेली रे. बॅकअप कुठला! हार्डडिस्क खराब होती म्हणून सांगतो त्याला."

आत येऊन माझ्या डोळ्यांत बघून तेच, हार्डडिस्क खराब होती म्हणून बोलला. मी त्याला चहा पाजला.

डिझाइन्स पुन्हा करीन, शून्यातूनच वर आलोय. पण उद्या तो नवी हार्डडिस्क बसवायला येतोय. तुम्ही काय म्हणाल त्याला?