गंगावेशीतलं सारवलेलं हॉटेल

पंचगंगेचा पूल ओलांडताना एस.टी.तल्या सगळ्यांनी नदीला हात जोडले. मी पिशवी घट्ट धरून बसलो. माझ्या धाकट्या बहिणीला, सुमनला, कोल्हापूरच्या एका हॉटेलवाल्याचं स्थळ सांगून आलं होतं. मुलाचं नाव दत्तोबा. चुलतबहिणीच्या वेळी आम्ही नुसत्या शब्दावर विसंबलो आणि फसलो. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मागच्या महिन्यात साताऱ्यात आमच्या दारावर गूळ विकायला आलेल्या म्हाताऱ्याची ढेप मी मोडून चाखली, उजेडात धरली, वास घेतला आणि परत दिली. मग मुलगी द्यायची तर किती बघायला हवं? म्हणून नाव न सांगता, साधं गिऱ्हाईक होऊन हॉटेल पाहायचं मी ठरवलं.

गंगावेशीत तालमीतून आलेले पैलवान म्हशीचं धारोष्ण दूध उभ्यानं पीत होते. एकाला पत्ता विचारला.

"दत्तूचं हाटील व्हय? नाकासमोर जावा. शेणाचा वास आला की थांबा."

शेणाच्या वासाचं हॉटेल? मी नाक पुढं करून चालू लागलो.

हॉटेलच्या दारात चपलांची रांग होती. नुकतंच घेतलेलं माझं नवं पायताण (चप्पल) मी पिशवीत घातलं, बाहेर ठेवलं नाही. आत पाहतो तर शेणानं सारवलेली जमीन, भिंतींना तांबड्या मातीचा गिलावा, पत्र्याखाली बांबूचे तट्टे आणि त्यावर उसाचं पाचट (वाळलेला पाला). बसायला आंब्याच्या ओंडक्यांवर टाकलेल्या काळ्या फरश्या. विजेचे दिवे होते, पण उलट्या टांगलेल्या बांबूच्या दुरड्यांत बसवलेले. आमच्याकडे बरं चाललेल्या हॉटेलात संगमरवरी टेबलं आणि भिंतभर आरसे असतात. मला वाटलं, झालं, पैसा संपला म्हणून शेण आलं.

मी हळूच नखानं भिंत खरवडली. माती निघाली. आणखी खरवडली.

"पावणं, खाली बी मातीच हाय," मिसळीचं ताट ठेवत एक उंच, सावळा माणूस म्हणाला. हाच दत्तोबा. "खावा की, कट (तिखट रस्सा) गार व्हतोय."

"संगमरवर परवडत नाही वाटतं?"

"बाच्या वेळचा होता की. पर वर पत्रा तापायचा, गिऱ्हाईक च्या पिऊन पळायचं. आता बसतंय."

बसलं होतं खरं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत गारवा होता. मिसळीनं नाका-डोळ्यांतून पाणी काढलं, तरी वाटी पुसून खाल्ली. पण त्या संगमरवराचं काय झालं? कुस्तीवर पैजा लावून घालवला असेल, हा किडा डोक्यातून जाईना. धर्मशाळेत रात्रभर तळमळलो.

सकाळी हॉटेल उघडायच्या आधी मागच्या बोळातून गेलो. दार उघडं होतं. आत पाय टाकला तो थेट ओल्या शेणात. पावलाचा ठसा उमटला आणि समोर उकिडवा बसलेल्या दत्तोबानं मान वर केली. धोतर खोचून, हातानं कमानी काढत तो जमीन सारवत होता.

"पावणं, तिथंच थांबा. वाळतंय अजून."

लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "घरात बाईमाणूस नाही का?"

"आई हाय. तिनं लई वर्सं वाकून काढली. हाटील माझं, तर जमीन बी मीच सारवायची."

आतून हसण्याचा आवाज आला. चुलीजवळ संगमरवराच्या फरश्या मांडल्या होत्या आणि त्यावर एक म्हातारा कांदा चिरत होता. त्याचा चेहरा पाहून मी गारच पडलो. तोच गूळवाला.

"ओळखलं न्हाय व्हय? मी दत्तूचा मामा. तुमचं घर बघाय आलतो. तुम्ही गुळाचा वास घेतलासा, आन् तुमच्या भनीनं न मागता तांब्याभर पाणी दिलं. तिच्याकडं बघूनच स्थळ सांगितलंय."

शेरास सव्वाशेर भेटला होता. तिघांनी चहा घेतला. निघताना मामांनी गुळाची ढेप पिशवीत कोंबली. मागं वळून पाहिलं, तर दत्तोबा माझा ठसा पुसून त्यावर पुन्हा हात फिरवत होता.

परतीच्या वाटेवर एस.टी.त मी मनातल्या मनात सगळं मांडून ठेवलं: भिंती, तट्टे, दुरड्यांतले दिवे, फरश्या. सुमनला नीट सांगायचं होतं, तिचा जन्म त्यात जायचा होता. घरी पोचल्यावर ती तांदूळ निवडत ऐकत बसली.

"जमीन शेणाची म्हणालास," ती मधेच म्हणाली. "रोज सारवतं कोण?"

"तोच."

तिचा हात सुपात थांबला.

"मग दादा, हो कळव त्यांना," ती म्हणाली आणि गुळाची ढेप तशीच, न चाखता, डब्यात ठेवायला आत घेऊन गेली.